हाताखालचं वाचन

बाईंनी पुस्तकावर पालथा हात ठेवला, तरी मुलीचं वाचन थांबलं नाही.

“मांजर भिंतीवरून उडी मारून पळालं,” ती म्हणाली आणि पुढची दोन वाक्यंही घडाघडा म्हणून मोकळी झाली.

बाईंनी डोळे मिटून घेतले. इथे शिकवणीत त्या तिच्याकडून एकेक अक्षर वाळूत गिरवून घेत होत्या, अक्षरांचे आवाज सुटे करून जोडायला शिकवत होत्या. आणि घरी आई अख्खा धडा पाठ करून घेत होती.

“ताई, किती वेळा सांगायचं? पाठ नका करून घेऊ,” त्या मुलीच्या मागे बसलेल्या आईला म्हणाल्या.

“मग काय करू?” आई उसळली. ती दुकानातल्या कामावरून तशीच आली होती. दिवसभर उभं राहून पाय भरून आले होते. “शेजारची पहिलीतली पोर दुकानांच्या पाट्या वाचते. हिला ‘भ’ दाखवला की ‘म’ म्हणते, ‘म’ दाखवला की छताकडे बघते. डोकं फिरतं हो माझं!”

“तिला अक्षरं चटकन ओळखू येत नाहीत. आळस नाही तो. वेळ लागणार.”

“वेळ, वेळ! शाळा थांबते का हिच्यासाठी?”

बाईंचाही आवाज चढला. “तुम्ही जरा बाहेर बसा.”

आई खुर्ची करकरवत उठली. दार आपटलं.

“तुला कंटाळा नाही येत पाठ करायचा?” बाईंनी विचारलं.

“येतो.” मुलगी दाराकडे बघत हळूच म्हणाली, “पण न अडखळता म्हटलं की आई नीट जेवते. नाहीतर ताटावरून उठते.”

बाई काही वेळ मेजावरची वाळू बोटाने गोळा करत राहिल्या. मग उठून त्यांनी दार उघडलं.

“या आत. पण बोलायचं नाही.”

आई मुलीला खेटून बसली. बाईंनी एक नवं कार्ड समोर ठेवलं. मुलीने पहिल्या अक्षरावर बोट टेकवलं. आईचे ओठ हलले, “धा...”

मान न वळवता मुलीने दुसरा हात उचलला आणि आईच्या तोंडावर ठेवला.

“घा... र. घार.”

चूक सांगायला बाईंनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

मुलीचं बोट पुन्हा मागे आलं. अक्षराच्या वळणावरून सावकाश फिरलं.

“नाही. धार.”



“अजून एक दाखवा,” मुलगी बाईंना म्हणाली. आईच्या तोंडावरचा हात तिने काढला नव्हता. आईनेही तो बाजूला केला नाही.