एसीच्या पॅनलचा नकार

मित्रांनो, मी गाडीतल्या एसीचा एक जुना पॅनल आहे. जुना आहे, मोडका नाही, हे आधीच सांगून ठेवतो. थंड, गरम, वारा कमी, वारा जास्त, हे सगळं माझ्या गोल बटणांवर चालतं. कारखान्यातल्या बाईंनी ती फिरवून पाहिली आणि "छान" म्हणाल्या. त्यानंतर माझं कौतुक कुणी केलेलं आठवत नाही.

माझी मालकीण परिचारिका आहे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी जाऊन ती मलमपट्टी करते. थंडीच्या दिवसांत गाडीच्या काचेवर आतून वाफ धरते, ती मी वारा सोडून घालवायचो. मग एका सकाळी माझे दिवे विझले. हाताने काच पुसत गाडी चालवताना समोरची सायकल तिला अगदी शेवटच्या क्षणी दिसली. घरी येताच तिने ते नवऱ्याला सांगितलं.

"हा डबा काढूनच टाकतो," नवरा म्हणाला. चकचकीत नवा पॅनल त्याने आणूनही ठेवला. मला विचारणं दूरच, सरळ मोडीतच काढलं. माझा नुसता संताप झाला.

दारात गाडी उभी करून त्याने माझ्या फटीत स्क्रूड्रायव्हर खुपसला.

"अहो, थांबा. बॅटरी जोडलेलीच आहे," ती म्हणाली.

"चुटकीसरशी होईल गं."

"आणि एअरबॅग तोंडावर फुटली तर मलमपट्टी मलाच करावी लागेल."

त्याने कुरकुरत किल्ली काढली, बॅटरीची काळी तार सोडवली. आतली उरलीसुरली वीज उतरावी म्हणून दोघं निवांत चहा पिऊन आले. मग ओरखडे पडू नयेत म्हणून तिने माझ्या कडांना कापडी चिकटपट्टी लावली आणि प्लास्टिकच्या चपट्या पट्टीने माझी चौकट अलगद सोडवली. दिसत होते तेवढे स्क्रू नवऱ्याने काढले आणि मला ओढायला लागला. मी ढिम्म हललो नाही.

"हट्टी आहे मेला."

"हट्टी नाही, त्याला कशाने तरी धरलंय. जखमेला चिकटलेली पट्टी अशी ओढतात का?"

तिने बोटांनी चाचपलं, माझ्या खालच्या, सुट्या पैशांच्या कप्प्याच्या तळाला अंथरलेलं रबर उचललं. खाली एक स्क्रू लपला होता. तो निघाला आणि मी आपणहून तिच्या हातात आलो.

तिने मला उलटं केलं. पाठीमागचा प्लग अर्धवट लटकत होता.

"गाण्यांची मशीन बदलताना हा तुम्हीच बसवला होता ना?"

नवरा मान खाली घालून "हो" म्हणाला.

तिने प्लग टक आवाज येईपर्यंत दाबला. बॅटरीची तार जोडून किल्ली फिरवली, तशी मी दिवे लावले आणि नवऱ्याच्या तोंडावर गार वाऱ्याचा झोत सोडला. मुद्दामच सोडला.

मित्रांनो, आम्हाला काढायचं तर खुशाल काढा. पण आधी बॅटरीची तार सोडवा, लपलेला स्क्रू शोधा, वायरी ओढू नका. आणि भंगारात टाकण्याआधी एकदा उलटं करून बघा. नव्या पॅनलला खोक्यातच बसू दे. उद्या सकाळी तिला रुग्णांकडे जायचंय, आणि तिची काच मीच स्वच्छ करणार आहे.