झाकण

झोर्नित्सा आणि मी, आमच्या दोघांमध्ये प्रयोगशाळेच्या टेबलावर काचेची बरणी होती आणि तिच्यात घट्ट काळा चिखल. शेजारी प्रोदानचे निधनपत्रक : छायाचित्र, काळी चौकट, वर्षपूर्तीची तारीख. आमच्या व्हार्ना बंदरात अशी पत्रके दारांवर, झाडांवर, बसथांब्यांवर चिकटवतात. झोर्नित्साने वर्षभरात एकही चिकटवले नव्हते.

दोष माझा. तिचा नवरा प्रोदान आमच्या संशोधन-जहाजावर अवजड उपकरणे उचलायची यारी चालवायचा. काळ्या समुद्रात, दोन हजार मीटर खोल जागी, तो पडला, सापडला नाही. मी संस्थेतला रसायनतज्ज्ञ. सांत्वन करताना बोलून गेलो की त्या तळाशी प्राणवायू नाही, तिथे काही कुजत नाही, गंधक सारे जपून ठेवतो. तिने ते अक्षरशः धरले. जो कुजलाच नाही, त्याची विधवा कसे व्हायचे? मृताच्या नावाने चाळिसाव्या दिवशी वाटायचे गहू तिने उकडले नाहीत. दर गुरुवारी ती प्रयोगशाळेत येऊन त्याची खुशाली विचारू लागली. संचालकांनीही तिला लेखी कळवले होते की, कुजल्याचा पुरावा संस्थेकडे उपलब्ध नाही.

त्या गुरुवारांत कधीतरी मी तिच्या प्रेमात पडलो. इतकी गैरसोयीची अभिक्रिया माझ्या हातून पूर्वी घडली नव्हती.

आज मी स्वतःचेच विज्ञान खोडायला बसलो होतो. म्हणालो, तळाशी पोचलेले बहुतेक सारे जिवाणू खाऊन टाकतात; सडक्या अंड्यांचा वास हा त्यांचाच उच्छ्वास. उरतो तो थोडा अंश. गंधक त्याचे रेणू एकमेकांना शिवून टाकतो, मग ते कुणालाच चाववत नाहीत.

"उरतो तो कुठला भाग?"

"मुख्यतः चरबी," मी खरे ते सांगितले.

"मग अख्खाच उरला की, डॉक्टर. त्याच्या लग्नाच्या कोटाची बटणं मी दोनदा सरकवलीत."

तिने बरणी उघडली. चिखल प्रोदान पडला त्याच जागेच्या तळावरून नळीने उपसलेला होता. तिने दीर्घ श्वास घेतला.

"हाच. बोटीवरून आला की मोजे काढताना, अगदी हाच."

झाकण उघडे राहिले. हवा लागताच चिखलाचा काळा रंग कडेकडेने राखाडी होऊ लागला.

"बघा," मी म्हणालो, "इथे वर काहीच टिकत नाही. मीही नाही, पन्नाशी उलटलीय. पत्रक लावा दारावर. आणि रविवारी माझ्याकडे जेवायला या. याल?"

ती त्या राखाडी कडेकडे पाहत राहिली. मग माझ्या राखाडी झालेल्या कानशिलांकडे. नंतर तिने झाकण घट्ट फिरवले, पुन्हा एकदा फिरवले, बरणी शालीत गुंडाळली आणि पत्रक टेबलावरच ठेवून दाराबाहेर निघून गेली.