अंडा पॅटीस

नाताळ आठवड्यावर आला की एस्तेरबाई भालेरावांचा पाय घरात ठरत नसे. नाशकात शरणपूरहून मेनरोड काही लांब नाही, पण बाईंची खरेदी म्हणजे दोन दुकानं आणि सहा खाण्याची ठिकाणं. नवरा होता तोवर चिडवायचा, हिला साडी नकोच असते, मिसळ हवी असते. तो गेल्यावर एकटीनं मिसळ खाण्यात काही राम नाही हे त्यांना कळलं, म्हणून यंदा त्यांनी सुनेला सोबत घेतलं.

सून वैष्णवी चांदवडची, कांदेवाल्या शेतकऱ्याची मुलगी. त्यांच्या मयूरनं तिच्याशी कोर्टात लग्न केलं तेव्हा दोन्हीकडची तोंडं वाकडी झाली होती. चर्चमधल्या साळूबाईनं तर तोंडावर सांगितलं होतं, ती पोरगी तुझ्या हातचं खाणार नाही. एस्तेरबाईंच्या आजीला गावात ओंजळीत वरून पाणी ओतायचे. ज्या घराला हे आठवतं, त्या घरात असलं बोलणं कुणी हसण्यावारी नेत नाही.

पण सून गुणाची निघाली. कॅनडा कॉर्नरच्या एका दवाखान्यात नोकरीला होती, सकाळी डबा घेऊन जायची ती संध्याकाळी यायची. लग्नानंतरच्या पहिल्याच मार्गशीर्षात एका गुरुवारी तिनं ओट्याच्या कोपऱ्यात तांब्यावर नारळ ठेवून पूजा मांडली, तेव्हा एस्तेरबाई एवढंच म्हणाल्या, हे आपल्या घरात नको गं. तिनं निमूटपणे सगळं उचललं. विषय मिटला, असं एस्तेरबाईंना वाटलं. असं सासवांनाच वाटतं.

खरेदीसाठी वैष्णवीनं रजा घेतली. मेनरोडला पाय ठेवायला जागा नव्हती. चांदण्या, झिरमिळ्या, पुठ्ठ्याचे गव्हाणीचे देखावे, आणि त्यातून वाट काढणाऱ्या मोटारसायकली. दोघी आधी मिसळीला शिरल्या. वैष्णवी म्हणाली भूक नाही, आणि नुसता चहा प्याली. पुढे मोसंबीचा रस मात्र तिनं घटाघटा संपवला. चिवड्याच्या दुकानात एस्तेरबाईंनी चवीला म्हणून तिच्या हातावर चिमूटभर ठेवला, तो तिनं हळूच रुमालात गुंडाळला. एस्तेरबाईंनी ते पाहिलं. त्यांच्या डोक्यात हिशोब सुरू झाला, आणि तो नेमका चुकीचा सुरू झाला.

शेवटी केकची ऑर्डर द्यायला बेकरीत गेल्या. तिथं ही गर्दी, लोक उभ्याउभ्याच खात होते, आणि त्यात साळूबाई आपल्या दोन्ही सुनांसह हजर. एस्तेरबाईंनी गरम अंडा पॅटीस घेतले नि एक वैष्णवीपुढे धरला. ती म्हणाली, "नको आई." साळूबाईनं सुनांकडे बघून भुवई उडवली. झालं, एस्तेरबाईंचा तोल गेला.

"आमच्याबरोबर खायला विटाळ होतो का गं तुला?"

आजूबाजूचे दोघंतिघं वळून बघायला लागले. वैष्णवीचा चेहरा पांढरा पडला. तिनं पॅटीस घेतला आणि खाली बघत शेवटच्या तुकड्यापर्यंत संपवला. साळूबाईची भुवई खाली आली. एस्तेरबाईंना, खोटं कशाला बोला, अगदी गड जिंकल्यासारखं वाटलं.

परतीच्या रिक्षात वैष्णवीचा फोन वाजला. चांदवडहून तिची आई होती. वैष्णवी बाहेर बघत बोलत होती, आणि आवाज अगदी रोजचा होता.

"हो मम्मी, उपास आहे ना. तिसरा गुरुवार कसा सोडीन? केळी खाल्ली. आईंनीच मोसंबीचा रस पाजला. त्या घेतात माझी काळजी."

एस्तेरबाईंना रुमालातला चिवडा आठवला. उभा जन्म नाशकात गेला, मार्गशीर्षातले गुरुवार शेजारणी कशा करतात हे का त्यांना ठाऊक नव्हतं? मला सांगायचं नाही का, एवढंच त्यांनी विचारलं. वैष्णवी म्हणाली, तुम्ही नको म्हणालात म्हणून पूजा मांडत नव्हते, नुसता उपास करायचे, डब्यात फळं न्यायचे. तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. एस्तेरबाईंनी रिक्षा थांबवून साबुदाणा वडा घेतला. वैष्णवीनं तोही खाल्ला. सासूनं दिलं की खायचं, एवढंच आता उरलं होतं. माझं चुकलं, हे शब्द एस्तेरबाईंच्या अगदी ओठांवर आले, पण तेवढ्यात घर आलं.

घर आलं हे निमित्त. नंतर वर्षभर घरच होतं, तरी ते शब्द निघाले नाहीत. मोठ्या माणसांना चूक कळायला क्षण लागतो आणि कबूल करायला जन्म पुरत नाही.

पुढच्या मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी एस्तेरबाई पहाटेच उठल्या. ओट्याचा कोपरा त्यांनी स्वच्छ पुसून मोकळा केला. रात्री भिजवलेल्या साबुदाण्याची दाण्याचं कूट घालून खिचडी केली. वैष्णवी उठून आली, तेव्हा बशी तिच्यापुढे ठेवून म्हणाल्या, "उपासाची आहे. पूजाही मांड इथं. कुणी काही म्हणणार नाही."

वैष्णवीनं दोन चमचे खाल्ले, छान झालीय म्हणाली, आणि डब्यात पोळी अन् अंड्याची भुर्जी भरायला लागली.

"मी गुरुवार सोडले, आई."

"माझ्यामुळे ना? त्या पॅटीसमुळे?"

"पॅटीसचं काय, मोडला तर मोडला. देवीनं समजून घेतलं असतं." तिनं डब्याचं झाकण दाबून बसवलं. "पण त्या दिवशी तोंडात अंड्याची चव होती आणि मी मम्मीला सांगत होते, उपास आहे. ती तिकडे खूश झाली. त्यानंतर मला करवेना."

माझं चुकलं गं, एस्तेरबाई म्हणाल्या. वैष्णवीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, असू द्या म्हणाली आणि दवाखान्यात जायला निघाली. जिना उतरताना तिच्या आईचा फोन आला असावा. उपास आहे ना मम्मी, असं ती सांगत असल्याचं एस्तेरबाईंना दारातून ऐकू आलं.