सोनेरी अक्षरांची जोडी

नवरा गेल्यावर बाईंना भेटायला पुष्कळ माणसं येऊन गेली. त्यांतली तीन माणसं मात्र बोलायची बाईंशी आणि बघायची भिंतीतल्या कपाटाकडे. बाई मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. कुणाच्या दप्तरात चिठ्ठी आहे हे त्यांना चेहऱ्यावरून कळायचं, तर ही थोराड पोरं किस झाड की पत्ती!

कपाटात नवऱ्याचे व्हॉल्व्ह होते. जुन्या रेडिओत असायचे तसले काचेचे, चालू केले की मंद लाल होणारे. त्याच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ते बसायचे. एका कारखान्याचे काढून दुसऱ्या कारखान्याचे लावले की गाण्याचा आवाज बदलतो, असं या मंडळींचं म्हणणं. विमा कंपनीतली नोकरी सांभाळून उरलेलं आयुष्य त्याने त्यातच घातलं. आधीचे व्हॉल्व्ह गार होऊ द्यायचे, रुमालात धरून उपटायचे, नवे खोचायचे, तापू द्यायचे आणि त्याच एका रेकॉर्डवरच्या त्याच गाण्याचा मुखडा लावायचा. मुखडा संपला की पिन उचलायची.

"आता?" तो विचारायचा.

"आता जरा बरंय," बाई पेपर तपासता तपासता मान वर न करता म्हणायच्या. त्या गाण्याचा अंतरा त्या घरात कुणी कधी ऐकला नाही.

दर रविवारी हे तिघं यायचे. एक दंतवैद्य, एक वकील आणि एक बँकेतला निवृत्त अधिकारी. या तिसऱ्याला सगळे 'कानसेन' म्हणायचे, आणि त्याला ते कौतुकच वाटायचं. आवाज मखमली आहे, आवाज मधात घोळलाय, आवाजाला हवा कमी पडतेय, अशी त्यांची बोलणी चालायची. बायकोला एक वाक्य धड पुरं करू न देणारा वकील तबल्याच्या दोन ठोक्यांमधली शांतता ऐकतो म्हणे! बाई चहाचा ट्रे ठेवायच्या आणि आत जायच्या.

नवरा इस्पितळात होता तेव्हा तिघं मिळून एकदाच आले. दंतवैद्याने पलंगाशी वाकून बाईंना हळूच विचारलं, "वहिनी, मशीन मधूनमधून चालू करताय ना? पडून राहिलं की बिघडतं." पलंगावर पडून राहिलेल्या माणसाची चौकशी करायचं त्याला सुचलं नाही. बाईंनी ते मनात ठेवलं.

आता सगळ्यांत आधी हा दंतवैद्यच आला. कोरडेच डोळे रुमालाने टिपत म्हणाला, "वहिनी, तो नेहमी म्हणायचा, माझ्यानंतर ती सोनेरी अक्षरांची जोडी तुझी."

त्या जोडीवर कारखान्याचं नाव सोनेरी शाईत छापलेलं होतं. कारखाना केव्हाच बंद पडलेला, त्यामुळे जोडीचं महत्त्व देवापेक्षा थोडंसंच कमी.

दुसऱ्या दिवशी वकील आला. "मी काही मागत नाही, पण तोंडी वचनालाही अर्थ असतो, वहिनी." त्यालाही तीच जोडी कबूल झाली होती. कानसेन सगळ्यांत सभ्य. त्याने वचनाचं नावच काढलं नाही. "मी नुसती सांभाळायला नेतो. इथल्या दमट हवेत खराब होईल हो."

बाईंनी तिघांनाही एकच उत्तर दिलं, "रविवारी या."

सोबतीला राहिलेली धाकटी नणंद म्हणाली, "वहिनी, दादाने खरंच तिघांना कबूल केलं असेल?"

"तुमच्या दादांना माझा वाढदिवस लक्षात राहायचा नाही, वन्सं. ते कसली वाटणी करतायत!"

त्यांनी कपाट उघडलं. एक व्हॉल्व्ह हातात घेतला, धूळ होती म्हणून अंगठा फिरवला, तर अक्षरं अंगठ्यावर आली. नवरा कुणाला हात का लावू देत नव्हता, ते बाईंना आत्ता कळलं. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि ओलं फडकं घेऊन आल्या.

"अहो वहिनी, नावं पुसली जातायत!"

"दिसतंय मला."

नणंदेने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग तीही दुसरं फडकं घेऊन शेजारी बसली. व्हॉल्व्हची नावं छापलेली खोकीही रद्दीत गेली.

रविवारी तिघं आले तेव्हा टेबलावर बिस्किटांच्या ट्रेमध्ये सगळे व्हॉल्व्ह जोडी-जोडीने मांडलेले होते. लखलखीत आणि बिननावाचे.

"हे काय केलंत, वहिनी?" दंतवैद्य किंचाळला.

"पुसून घेतले. फार धूळ होती."

"पण नावं?"

"तुम्हाला नावं कशाला हवीत? एवढे कान आहेत की. जो ऐकून ती जोडी ओळखेल, त्याने सगळा ट्रे न्यावा."

दंतवैद्याने खिशातून भिंग काढलं. "आतल्या पट्ट्यांवरून ओळखता येतं..."

"ठेवा ते खाली," बाई म्हणाल्या. हा आवाज ऐकून एके काळी अख्खा व्हरांडा गप्प व्हायचा. भिंग खिशात गेलं. तिघं भिंतीकडे तोंड करून बसले.

बाईंनी पहिली जोडी लावली. मुखडा झाला.

"छे! कोरडा आवाज," वकील म्हणाला.

"कोरडा? अहो, मध आहे मध! हीच ती," कानसेन म्हणाला.

दंतवैद्याने आधी दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग आपलं मत राखून ठेवलं. दुसऱ्या जोडीला वकिलाने कौल दिला, तिसरीला दंतवैद्याने. कानसेनला आता पहिलीबद्दलही शंका येऊ लागली होती. चौथी जोडी लावल्यावर मुखडा संपला, पण बाईंनी पिन उचलली नाही. गाणं पुढे गेलं.

"हे कुठलं लावलंत?" दंतवैद्याने वळून विचारलं.

"तेच आहे. अंतरा आहे त्याचा."

अंतऱ्यात गाणारी वर चढली, अर्ध्यावर तिचा श्वास किंचित अडकला, आणि तो अडकलेला श्वास तसाच घेऊन ती खाली उतरली. बाईंचे डोळे भरून आले आणि त्यांना नवऱ्याचा भयंकर राग आला. इतक्या वर्षांत या मूर्खाने मला एवढं ऐकू दिलं नाही! त्याने स्वतःही ऐकलं नाही. त्या खुर्चीत बसून राहिल्या. गाणं संपल्यावर नणंदेने पिन उचलली.

"छान," वकील घाईघाईने म्हणाला. "पण खरी जोडी कुठली, ते सांगून टाका आता."

"मला काय माहीत?"

"म्हणजे तुम्ही खूणसुद्धा ठेवली नाहीत?"

"कशाला? मला कुठे त्यातलं कळतं!"

मग तिघांची आपसांत जुंपली. वकील दंतवैद्याला म्हणाला, "तू दात उपटायचं काम कर." दंतवैद्याने कानसेनला सांगितलं की त्याचा डावा कान गेलेला आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. कानसेन म्हणाला, उजवा तुम्हा दोघांना पुरून उरेल. भांडत भांडतच ते जिना उतरले. चहाला कुणी हात लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी दंतवैद्य परत आला, ट्रे फक्त तपासायला नेतो म्हणाला. नणंदेने दाराची साखळी न काढता सांगितलं, "वहिनी गाणं ऐकतायत. मध्येच उठणार नाहीत."

त्या खरंच ऐकत होत्या. पुढे एक व्हॉल्व्ह जळाला तेव्हा बाईंनी ट्रेमधली हाताला लागली ती जोडी घेऊन खोचली. ती घूं घूं करायला लागली, म्हणून काढून कचऱ्यात टाकली आणि शेजारची लावली. तिने मात्र रेकॉर्डची दुसरी बाजूही नीट ऐकवली. तिच्यावर काय गाणी आहेत, हेही दोघींना तोवर ठाऊक नव्हतं.