लातूरचं एक तरी वाक्य

साक्षीला शाळेत 'आपलं शहर' या विषयावर बोलायचं होतं आणि घरात शहरं होती दोन. साक्षी वाढत होती नांदेडात, तिची आई वर्षाराणी मात्र लातूरची. भाषणात लातूरचं एक तरी वाक्य यावं, एवढाच वर्षाराणीचा हट्ट होता.

सासूबाई कावेरीबाई नातीला समोर बसवून शिकवत होत्या. "म्हण, आमच्या नांदेडला गोदावरी हाय, गुरुद्वारा हाय. निजामाच्या काळातली कापडाची गिरणी होती. तिचा भोंगा झाला की आमचं घर जेवायला बसायचं."

"गिरणी कधीच बंद पडली, हेबी सांगा," कणीक मळता मळता वर्षाराणी म्हणाली. "आमची गंजगोलाईची बाजारपेठ अजून गजबजलेली हाय. अन् आत्या, वरण कुठल्या डाळीचं लागतं तुम्हाला?"

"लातूरच्या. डाळीशी न्हाई माझं भांडण. पण ज्या गावाला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याचं काय सांगावं पोरीनं?"

त्या उन्हाळ्यात वर्षाराणी लातूरलाच कॉलेजात होती. टँकरपुढच्या रांगेतली घागर तिच्या कमरेला अजून आठवायची. म्हणून तर नळ आला की ती घरातलं भांडं न् भांडं भरायची, देवापुढचा तांब्यासुद्धा. कावेरीबाई हसायच्या, "अगं, नदी काय पळून चालली का?"

दुसऱ्या दिवशी शाळेत सासू-सुना शेजारी शेजारी बसल्या. साक्षीनं गोदावरी सांगितली, गुरुद्वारा सांगितला, भोंगासुद्धा वाजवून दाखवला. लातूर काही आलं नाही. वर्षाराणीनं मान खाली घातली. टाळ्या सुरू झाल्या, तशी साक्षी पुन्हा माइकला चिकटली.

"माझी आई लातूरची आहे. ती सगळी भांडी भरून ठेवते. आज्जी तिला हसते. पण मागच्या आठवड्यात नळ आला नाही, तेव्हा आज्जीनंच आईच्या पाण्यानं अंघोळ केली. दोन बादल्या!"

सगळा हॉल हसला. "इज्जत घालवली गं या कार्टीनं," कावेरीबाईंनी तोंडाला पदर लावला, पण खांदे हसून हसून हलत होते. वर्षाराणीला हसावं की डोळे पुसावेत, कळेना.

घरी आल्या तर नळ आलेला. वर्षाराणी साडी बदलून येईस्तोवर हंडा, कळशी, बादल्या काठोकाठ भरल्या होत्या, आणि कावेरीबाई नळाखाली तांब्या धरून उभ्या.

"बघत काय राहिलीस, लातूरकरीण? वाट्या आण. त्याबी भरू."