हरिण नसलेलं पान

शर्टाच्या कारखान्यातल्या काज-बटणांच्या खोलीत मशीन नव्हतं. बारा बायका, अकरा सुया आणि एक पुस्तक. वाचायचं काम थोरलीकडे होतं आणि तिच्या वाटचे शर्ट बाकीच्या अकराजणी वाटून घ्यायच्या. नियम दोनच. वाचणारीनं पुढची पानं आधी चोरून बघायची नाहीत. आणि गोष्ट सोसेना झाली तर ऐकणारीनं सुई खाली ठेवायची. वाचन तिथंच थांबायचं, का ते कुणी विचारायचं नाही.

पहिला नियम थोरलीनं आज सकाळीच मोडला होता.

पुस्तकात जुनी ग्रीक कथा होती, एका बाईनं नव्यानं सांगितलेली. वारा पडल्यामुळे राजाची गलबतं बंदरात अडकलेली असतात. वारा हवा तर देवीला तुझी मुलगी दे, असं पुरोहित सांगतो. राजा घरी निरोप धाडतो, की पोरीचं लग्न ठरवलंय, घेऊन ये. आणि आई बिचारी स्वतःच्या हातानं तिला नटवून घेऊन येते.

समोर बसलेल्या तिच्या धाकट्या जावेनं ही गोष्ट शाळेत वाचली होती. "शेवटी देवी पोरीच्या जागी हरिण पाठवते," असं ती दोन दिवस ज्याला त्याला सांगत होती. "पोरीला काही होत नाही." ती हे कुणाला समजावत होती, ते थोरलीला चांगलं ठाऊक होतं.

कारण धाकटीची सतरा वर्षांची लेक आज साडेपाचच्या गाडीनं निघणार होती. चार दिवस पाहुणी म्हणून जाऊन ये, असं पोरीला सांगितलं होतं. खरं म्हणजे तिकडे तिचं लग्न उरकायचं होतं, बापाच्या साहेबाच्या पुतण्याशी, तिच्याहून वीस वर्षांनी मोठ्या माणसाशी. मग बापाची बदली टळणार होती. ही अक्कल पाजळली होती थोरलीच्याच नवऱ्यानं, आणि थोरली घरात अळीमिळी गुपचिळी करून बसली होती. समजूतदारपणा म्हणे. भित्रेपणाला घरोघरी हेच नाव असतं.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले. थोरलीनं पान उलटलं. या बाईच्या पुस्तकात हरिण नव्हतं.

घालायचं म्हटलं तर एक वाक्य पुरलं असतं. पुस्तक तिच्याच हातात, तपासणार कोण? धाकटी निश्चिंत मनानं घरी गेली असती आणि लेकीची बॅग भरून दिली असती. पण थोरलीनं जसं लिहिलं होतं तसंच वाचलं. मुलगी आईकडे बघते. सुरा खाली येतो. वारा सुटतो.

"पुढे वाचा ना ताई," धाकटी म्हणाली. "हरिण राहिलं."

"या पुस्तकात ते नाही."

"असं कसं? एखादं पान सुटलं असेल."

"नाही सुटलं. मी सकाळीच बघून ठेवलंय."

सगळ्यांच्या माना वर झाल्या, मग पुन्हा शर्टांवर वाकल्या. धाकटीनं दोरा ओढला, तो तुटला.

"मग आईनं काय केलं?"

"त्या दिवशी काहीच नाही. दहा वर्षांनी नवऱ्याचा जीव घेतला."

"पोर आली का परत?"

"नाही."

धाकटीनं सुई खाली ठेवली. थोरलीनं पुस्तक मिटलं आणि तिला वाटलं, सुटले, माझं काम झालं. तेवढ्यात धाकटी चपला घालून तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"चला."

"मी कशाला?"

"स्थळ भावजींनी आणलंय. त्यांच्यापुढे माझं एकटीचं काय चालणार? इथं वाचून दाखवलंत, आता तिथं येऊन बोला."

थोरलीची पाचावर धारण बसली. लग्नाला चोवीस वर्षं झाली, नवऱ्याला तिनं एकदाही नाही म्हटलं नव्हतं. दाराशी बसलेली सुपरवायझर, एरवी पाच मिनिटांसाठी चिठ्ठी मागणारी, खिडकीबाहेर बघू लागली. शेजारणीनं थोरलीच्या मांडीवरचं पुस्तक उचलून घेतलं. दुसरीनं धाकटीचे उरलेले शर्ट आपल्याकडे ओढले.

थोरली उठली. घरी जाऊन म्हणायचं वाक्य तिनं जिना उतरताना म्हणून पाहिलं, "पोर जाणार नाही." नुसते ओठ हलले. खालच्या पायरीवर तिनं ते पुन्हा म्हटलं, आणि या वेळी धाकटीला ते ऐकू आलं.