मोकळी फेरी

तानीच्या डोक्यावर दिवसभर काही ना काही असायचंच. सकाळी पाण्याचा हंडा, संध्याकाळी डोंगरातून आणलेला वाळक्या पानांचा, पातेऱ्याचा भारा. नवरा देवू भिवंडीकडे वीटभट्टीवर गेलेला, तो पावसाच्या तोंडावर यायचा. तोवर घर आणि शेत तिच्या एकटीच्या गळ्यात. मधला सगळा दिवस नरहरी शेठच्या ट्रॅकचा.

माकुणसारच्या अलीकडे, भात कापून रिकाम्या झालेल्या खाचरांमधून शेठनं मातीची वेडीवाकडी वाट फिरवली होती. तिच्यावर जाड चाकांच्या चार एटीव्ही, मोटरसायकलसारख्या टांग टाकून बसायच्या चारचाकी गाड्या, पळवायला पालघर-बोईसरची माणसं सुट्टीला यायची. पळवायची कमी, अडकवायची जास्त. अडकली की "ओ मावशी" अशी हाक यायची आणि मावशीनं चाकाखाली फळी सरकवून, खांदा लावून गाडी बाहेर काढायची. माणसं गेली की उखडलेली माती फावड्यानं पुन्हा सारखी करायची. चाळिशीत तिची कंबर सत्तरीची झाली होती.

या सगळ्यात तिची स्वतःची अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे ट्रायल. गिऱ्हाईक यायच्या आधी चारही गाड्या एकेक फेरी फिरवून ब्रेक, चाकं तपासायची. तीन वर्षांपूर्वी मेकॅनिक सोडून गेला तेव्हा शेठ वैतागून म्हणाला होता, "तूच बघ फिरवून." तानीनं दोन दिवसांत बघितलं आणि मग सोडलं नाही. तीन नंबरची गाडी ती मुद्दाम शेवटी काढायची. हँडलवरच्या खटक्यावर अंगठा दाबला की गाडी उसळायची, बांधावर चढून पलीकडे उतरताना ती एकटीच हसायची. वळणावर अंग आत झुकवून मागचं चाक थोडं घसरू द्यायचं, हे तिचं तिनंच शोधलं होतं. पाच-सहा मिनिटांचा खेळ. पण तेवढा वेळ डोक्यावर काही नसायचं, आणि त्या सुखाची सर दुसऱ्या कशाला नव्हती.

फेब्रुवारीत शेठनं भाग्येशला आणलं. बोईसरच्या कारखान्यातली नोकरी सोडून आलेला तिशीचा माणूस. आईबाप सांगलीकडचे, पण हा इथल्याच कॉलनीत वाढलेला. डर्ट बाईकच्या शर्यतीत त्यानं दोन कप मारले होते आणि ते दोन्ही कप त्यानं पहिल्याच दिवशी ऑफिसच्या टेबलावर आणून ठेवले. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला सगळं येत होतं.

"उद्यापासून ट्रायल भाग्येश करील," शेठ म्हणाला. "त्याच्याकडं सर्टिफिकेट हाय. तुजी कंबर पन वाचंल."

तानीच्या हातातलं फावडं थांबलं. पगाराबद्दल, कामाबद्दल ती शेठसमोर कधी बोलली नव्हती.

"कंबर फावड्यानं जाते, शेठ," ती म्हणाली. "गाडीनं नाय जात. ट्रायल मी करीन."

भाग्येशला हसू आलं. "मग शर्यत लावू या की मावशी. तीन फेऱ्या. पुढे येईल त्याची ट्रायल."

शेठला मोबाईलवर टाकायला व्हिडिओ हवाच होता. तो लगेच तयार झाला.

"आदी एक फेरी मारून बगा," तानीनं भाग्येशला सांगितलं. त्यानं हेल्मेट चढवलं, म्हणजे गरज नाही.

पहिल्या फेरीत तो पुढे गेला. तानी धूळ खात मागे राहिली, पण वळणं तिच्या अंगात होती. दुसऱ्या फेरीत अंतर तुटलं, आणि बऱ्याच दिवसांनी तिला वाटलं की आपण दमलेलो नाही. मोठ्या वळणाशी ती त्याच्या बरोबरीला आली. वळणापलीकडे ट्रॅकला लागूनच तिची खाचराची पट्टी होती, आणि पट्टीत राब होता.

महिनाभर डोंगरातून भारे आणून तिनं तो रचला होता. खाली शेण, त्यावर तोडलेला टहाळ, त्यावर पातेरा, गवत, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून वरून बारीक मातीचा थर. होळीनंतर तो भाजायचा आणि पावसात त्याच जागी भाताचं बी पेरायचं. गुडघाभर उंच, कडा नीट चोपलेल्या. तिकडं जाऊ नका हे तिनं भाग्येशला सांगितलं नव्हतं. राब कुणाला ओळखू येणार नाही, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

भाग्येशला दिसली ती उडी. शर्यतीच्या ट्रॅकवर असेच मातीचे उंचवटे मुद्दाम बांधलेले असतात. समोर शेठचा मोबाईल. त्यानं गाडी वळवली, अंगठा दाबून धरला आणि थेट राबावर घातली.

गाडी उडाली नाही, रुतली. पुढची चाकं टहाळात घुसली, मागची गरागरा फिरून पातेरा उधळायला लागली आणि भाग्येश हँडलवरून शेणात गेला.

तानीनं गाडी बंद केली. पुढे वाट मोकळी होती, दीड फेरी राहिली होती. ती उतरून आधी राबाकडे गेली आणि मग माणसाकडे. ते तिला स्वतःलाही कळलं, पण लाज वाटली नाही.

"लागलं काय?"

"नाही." त्यानं हेल्मेटवरचं शेण पुसलं. "हे काय आहे?"

"राब हाय. भाताचा."

ती सांगत गेली आणि त्याचा चेहरा उतरत गेला. शेवटी त्यानं विचारलं, "किती भारे लागले?"

"तीसेक."

फळी लावून दोघांनी गाडी काढली. बाहेर येताना चाकांनी उरलेला राबही विस्कटला. भाग्येशनं शेठला स्वतःच सांगितलं, "ट्रायल यांच्याकडेच राहू दे. शर्यत त्याच जिंकल्या."

तानी जिंकली होती, आणि संध्याकाळी डोंगर पुन्हा चढायचा होता. ती बांधावर बसली. उठावंसंच वाटेना.

शेठला वाईट वाटलं. शेठचं वाईट वाटणंही कामाचं असतं. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा चारही गाड्यांच्या मागे जाळ्या बांधलेल्या होत्या.

"डोक्यावरून कशाला आनतेस?" तो खुशीत म्हणाला. "सकाळच्या फेरीतच डोंगराच्या कडेनं जायचं, पातेरा भरायचा, राबावर टाकायचा. ट्रायल पन होते, काम पन होतं. आयडिया भाग्येशची."

भाग्येश ओशाळून हसला. दोघांनी मनापासूनच केलं होतं. तानीला नाही म्हणायची सोय नव्हती. तिला रडू आलं, पण ते कुणाला समजावून सांगायचं?

तिनं एक नंबर काढली, भरून आणली. दोन नंबर, चार नंबर, तशाच. मग तीन नंबरजवळ बसून ती जाळीच्या गाठी सोडायला लागली.

"अगं, ती कशाला सोडतेस?" शेठ ओरडला. "अजून राब अर्धा पन नाय झाला."

"बाकीचा डोक्यावरून आनीन," तानी म्हणाली. "ही मोकळी जाईल."

तिनं जाळी त्याच्या हातात दिली आणि अंगठा दाबला.